रुग्ण घरी गेल्यानंतर



आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहोत. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. हिशेबावर बोलण्याचा मात्र आहे. आमच्याकडे चेक वटला नाही तर तो कारणाच्या चिठ्ठीसह परत येतो. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कॅशिअर खुर्ची सोडत नाही. दवाखान्यातील खाते मात्र अर्धेच लिहिलेले असते. रुग्ण आला, औषध दिले, सुट्टी झाली. पुढे त्याचे काय झाले, तो रकाना कोराच.

हे आम्हाला फार उशिरा कळले. आमचे थोरले बंधू एका दवाखान्यातून घरी आले. सुट्टीच्या कागदावर 'प्रकृतीत सुधारणा' असे लिहिले होते. अकराव्या दिवशी पहाटे त्यांचे निधन झाले. सहा महिन्यांनी तेच डॉक्टर आमच्या काउंटरवर ड्राफ्ट काढायला आले. ओळखून म्हणाले, "काय, भाऊ कसे आहेत?"

आम्ही सांगितले. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारू लागले, "कितव्या दिवशी? पाय सुजले होते काय? गोळ्या चालू होत्या काय?" गोळ्या चौथ्या दिवशीच संपल्या होत्या आणि आम्ही पुन्हा आणल्या नव्हत्या. किती दिवस घ्यायच्या, ते अक्षर आम्हाला लागले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "मला कोणी सांगितलेच नाही हो."

खरेच होते ते. आमचा राग आम्ही सगळ्या वस्तीला सांगितला होता, फक्त त्यांना सोडून. त्या सहा महिन्यांत त्यांनी तसाच कागद आणखी कितीजणांना लिहून दिला असेल!

परत न आलेला रुग्ण बरा झाला असेच डॉक्टर धरून चालतात. पण तो दुसरीकडे गेला असेल, पैसे संपले म्हणून घरी बसला असेल किंवा वारलाही असेल. डॉक्टरांच्या खुर्चीवरून हे सगळे सारखेच दिसते.

शंभर वर्षांपूर्वी बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवीत आणि वर्षभराने त्याचा शोध घेऊन परिणाम लिहीत. १९११ ते १९१६ मधील ३३७ रुग्णांच्या उपचारांत आढळलेल्या १२३ चुका त्यांनी छापून जाहीर केल्या. व्यवसायबंधूंना हे रुचले नाही, हे सांगायला नकोच.

आपल्या विदर्भातले उदाहरण त्याहून मोठे आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले. १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च'चे काम त्यांनी उभे केले. तिथे बाळे मरत ती झोपडीत. दवाखान्याच्या वहीत त्यांची नोंदच नसे. म्हणून गावोगावी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहिला गेला, बाळ कशाने गेले हे घरच्यांना विचारले गेले. मग १९९५ पासून ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या गावच्याच बाया नवजात बाळांना घरी जाऊन पाहू लागल्या. हजार जन्मांमागे ६२ च्या आसपास असलेले नवजात मृत्यू १९९७-९८ मध्ये २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या घालतात, त्याचे मूळ याच कामात आहे. आमच्या मते त्यातले अवघड काम औषधाचे नव्हतेच, दार ठोठावून विचारण्याचे होते.

आता आपल्या मंडळाबद्दल बोलतो. राग मानू नये. सिकलसेल आपल्या समाजात बराच आढळतो, म्हणून आपण शिबिर घेतले. रक्त घेतले, फोटो काढले, वर्तमानपत्रात बातमी आली. ज्यांची पहिली चाचणी सदोष निघाली त्यांना इलेक्ट्रोफोरेसिससाठी चिठ्ठ्या दिल्या. त्यांपैकी किती गेले? वाहक कोण, रुग्ण कोण, कोणाचे औषध सुरू झाले? शिबिराला आलेल्या डॉक्टरांना ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. आम्हीही त्या शिबिरात नावे लिहायला बसलो होतो.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा संपल्या की दोघादोघांनी दहा-दहा घरे वाटून घ्यावी. विचारायचे ते घरात बसून, हळू आवाजात. लग्नाच्या मुलींची नावे वस्तीत फुटता कामा नयेत. जे कळेल ते त्या डॉक्टरांना लेखी नेऊन द्यावे, वाईट असेल ते आधी. शिबिराची वही कार्यालयाच्या लोखंडी कपाटात आहे. किल्ली सचिवांकडे असते.