पुण्यातली पायी सहल आणि आपल्या दारातली लेणी

मी बोलायला आले की तुम्हाला वाटतं, आता ही हप्ता, व्याज आणि हजेरीचं रजिस्टर काढणार. आज तसं नाही. आज मी सहलीबद्दल बोलणार आहे. पण ही सहल का काढली, ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक ताई कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर चहा आणि उकडलेले मक्याचे कणीस विकत होत्या. मुंबईकडची चार-पाच पोरं आली. चहा पिता पिता एकाने विचारलं, "मावशी, ही लेणी कोणी बांधली?" ताई म्हणाल्या, "पांडवांनी." लहानपणापासून आपण तेच ऐकत आलोय. पोरं एकमेकांकडे बघून हसली. एकाने मोबाईल काढला आणि त्यात बघून ताईंना त्यांच्याच गावची माहिती सांगितली. ताई मासिक बैठकीत हे सांगताना म्हणाल्या, "चहाचे पैसे मिळाले, पण मान खाली गेली."

त्या बैठकीत कर्जाचा विषय मागे पडला. आपल्याकडे माणसं येतात, फिरतात, खातात, कचरा टाकून जातात. आपल्या वाट्याला येतो चहा आणि भांडी घासणं. गाव दाखवायचं काम मात्र बाहेरचे लोक करतात आणि त्याचे पैसे घेतात. मग आपणच का दाखवू नये? पण दाखवायचं कसं, ते आधी बघायला हवं. पुण्यात जुन्या पेठांमधून माणसांना पायी फिरवून माहिती सांगतात, हे मला ठाऊक होतं. ठरलं, आपण बघायला जायचं.

पैशाचं असं केलं. बचतीला हात लावला नाही. सहलीसाठी वेगळे आठवड्याला वीस रुपये जमा केले, वर्षभर. माणशी हजाराच्या वर झाले. घरच्यांची परवानगी ही पैशाहून अवघड गोष्ट होती. "पुण्यात चालत फिरायला जायचं? चालायला काय इथे रस्ते नाहीत?" असं एकीच्या घरी ऐकवलं. तिने उत्तर दिलं, "इथे मी डोक्यावर हंडा घेऊन चालते. एकदा मोकळ्या डोक्याने चालून बघते." भाताची झोडणी उरकली आणि आम्ही अठरा जणी सकाळच्या गाडीने कर्जतहून निघालो.

गाडीला मागून जादा इंजिन लागलं आणि घाट सुरू झाला. तेव्हा मी सगळ्यांना एका बाईची गोष्ट सांगितली. हा बोरघाटाचा लोहमार्ग बांधायचा ठेका १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाने घेतला. तो त्याच वर्षी आजारपणाने वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका सोडून मायदेशी जायचं ठरवलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिने ठेका ठेवला, जाणते इंजिनिअर कामावर घेतले आणि काम पुरं करवलं. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर या घाटात राबत होते. पटकीने आणि अपघाताने त्यातले हजारो गेले. १८६३ साली घाटातून गाडी धावली. आमच्यातल्या एक आजी खिडकीतून बोगद्याचा काळोख बघत म्हणाल्या, "एवढ्यांदा खाली उभी राहून गाडी बघितली, हे कोणी सांगितलंच नाही." तिथेच मला वाटलं, सहल सुरू झाली.

पुण्यात शनिवारवाड्याच्या दारात आमच्या वाटाड्या बाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका. इतिहास नंतर, आधी त्यांनी तीन प्रश्न विचारले. गुडघे कोणाचे दुखतात? गोळी कोणाला वेळेवर घ्यायची असते? आणि पाणी कोणी आणलं नाही? मग स्वच्छतागृह कुठे कुठे आहे ते सांगितलं. म्हणाल्या, "बायका लघवीला जावं लागेल म्हणून पाणी पीत नाहीत आणि मग चक्कर येते. माझ्याबरोबर असं करायचं नाही." मैत्रिणींनो, हे मी वहीत पहिल्या ओळीवर लिहून घेतलं.

शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावाच्या काळात १७३० साली घातला गेला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. दिल्ली दरवाजा बघितला. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याला मोठाले अणकुचीदार खिळे आहेत. पण आत गेलो तर वाडा कुठे आहे? नुसती जोती, कारंज्याचा हौद आणि हिरवळ. १८२८ साली आग लागली आणि ती कित्येक दिवस जळत राहिली. मोठा दगडी तट उभा राहिला, आतलं लाकडी घर गेलं. आमच्या बाया जोत्यांवरून खोल्या ओळखायला लागल्या. ही ओसरी असेल, हे स्वयंपाकघर. घर पडलं तरी जोत्यावरून घर ओळखणं हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

तिथून लाल महाल पाच मिनिटांवर. जिजाऊमाँसाहेब आणि बाल शिवाजीराजे राहिले ती ही जागा, १६६३ साली शाहिस्तेखानाची बोटं तुटली तीही हीच. आजची इमारत मात्र महापालिकेने अलीकडे बांधलेली आहे, हे बाईंनी लगेच सांगितलं. "खरं काय आणि नंतर बांधलेलं काय, हे सांगितलं नाही तर ऐकणाऱ्याचा विश्वास जातो," असं त्या म्हणाल्या. पुढे कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. उजाड झालेल्या पुण्यात जिजाऊंनी सोन्याचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते.

चालता चालता बाईंनी पाण्याची गोष्ट काढली आणि सगळ्या जणी जवळ सरकल्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून पुण्यात पाणी आणलं. ते शहरातल्या हौदांत पडायचं आणि तिथून लोक भरून न्यायचे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं अजून चौकांना आहेत. एका ताईंनी विचारलं, "सगळ्यांना भरू द्यायचे का?" बाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. शेवटच्या थांब्यावर उत्तर देते."

मग बुधवार पेठ. समोर दगडूशेठ गणपती, फुलांचे हार, गर्दी. बाईंनी आम्हाला उलट्या बाजूला वळायला सांगितलं. तिथे भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती ही जागा. मोडकळीला आलेला वाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला, तिथे स्मारक करायचं आहे म्हणून. आजींनी विचारलं, "मग बघायचं काय?" बाई म्हणाल्या, "रस्ता बघा. सावित्रीबाई याच पेठांमधून चालत शाळेला यायच्या. लोक अंगावर शेण आणि चिखल टाकायचे, म्हणून त्या दुसरं लुगडं बरोबर ठेवायच्या, असं सांगतात." कोणी काही बोललं नाही. आमच्या गटात सही शिकलेल्या सात जणी आहेत. त्यातल्या एकीने चप्पल काढून रस्त्याला हात लावला.

पुढे विश्रामबागवाडा. १८०७ साली दुसऱ्या बाजीरावाच्या काळात झालेला. त्याचं कोरीव लाकूडकाम मान वर करून बघितलं. तुळशीबागेत खरेदीला मोजून अर्धा तास, त्यातला पाव तास एका पातेल्याच्या घासाघिशीत गेला. मग मंडई. हिची इमारत १८८६ सालची. गंमत अशी की नगरपालिकेत असताना जोतीरावांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई आहे.

शेवटचा थांबा फुले वाडा. छोटी कौलारू जागा, अंगण, तुळशीवृंदावन, तिथेच जोतीरावांची समाधी. आणि हौद. बाई म्हणाल्या, "मघाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. शहरात हौद होते, पण अस्पृश्य म्हणून ज्यांना दूर ठेवलं त्यांना ते शिवू देत नसत. १८६८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला." फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आसरा याच दांपत्याने १८६३ साली सुरू केला. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. आमच्या गटातल्या कातकरी वाडीवरच्या ताई त्या हौदाजवळ बराच वेळ बसून राहिल्या. त्या काय बोलल्या ते मी इथे सांगणार नाही, ते त्यांचं आहे. पण गावच्या विहिरीवर काही वर्षांपूर्वीपर्यंत काय चालायचं, ते आपल्याला माहीत आहे.

निघताना मी बाईंना आमचा बेत सांगितला. त्यांनी जपानमधल्या क्योतो शहराचं उदाहरण दिलं. हजार वर्षांहून जास्त काळ ती राजधानी होती. देवळं, लाकडी घरं, अरुंद गल्ल्या, आणि बघायला जगभरातून माणसं. पण तिथल्या गिओन भागात पाहुणे लोकांच्या दारात शिरून फोटो काढायला लागले. शेवटी २०२४ साली तिथल्या खासगी गल्ल्यांमध्ये पाहुण्यांना बंदी केली, शिरलात तर दहा हजार येन दंड अशा पाट्या लावल्या. "म्हणून काय दाखवायचं याच्या आधी काय दाखवायचं नाही ते ठरवा," असं बाईंनी सांगितलं.

परत आल्यावर आम्ही तेच आधी ठरवलं. कोणाच्या घरात विचारल्याशिवाय नाही. पाणवठ्यावर बाया असताना नाही. आणि इर्शाळवाडीला कधीच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे दरड कोसळली आणि माणसं गाडली गेली. दुःखाची जागा तिकीट लावून दाखवायची नसते. मुसळधार पावसात आणि प्रशासनाची बंदी असताना लेण्यांकडे कोणाला न्यायचं नाही, पैसे बुडाले तरी चालतील.

मग दाखवण्यासारखं काय आहे याची यादी केली आणि आम्हीच चाट पडलो. कोंडाणे लेणी ही दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखात नाव आहे बलकाचं, कण्हाचा शिष्य बलक. पांडव नव्हेत. वाटेवर कारवी आहे, सात वर्षांनी फुलणारी. तिच्या काठ्यांचे कुड आपल्या आज्यांनी शेणाने सारवले. खालापुरात चावणीजवळ उंबरखिंड आहे, जिथे १६६१ च्या फेब्रुवारीत महाराजांनी कारतलबखानाला कोंडीत धरलं. खानाच्या सैन्यात रायबागन नावाची सरदार बाई होती आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला. भाई कोतवाल माथेरानचे. इंग्रजांशी लढताना २ जानेवारी १९४३ ला ते सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे आपण जाणतो. पण शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली होती, हे किती जणींना माहीत आहे? आपला बचत गट दुसरं काय करतो?

आम्ही पाच जणी तयार झालो. एकमेकींना सांगून सराव केला. ज्याला जे ठाऊक त्याने ते सांगायचं. लेख आणि सनावळी मी सांगते, झाडपाला ठाकरवाडीवरच्या ताई सांगतात, त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. एका वेळी बारा माणसं, त्याहून जास्त नाही. जेवण गटाचं, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. मिळालेले पैसे वहीत, सगळ्यांसमोर वाटप. खरं सांगते, पैसे अजून फार नाहीत. पहिल्या हंगामात चारच तुकड्या आल्या. एका तुकडीतल्या माणसाने तर विचारलं, "माहिती सांगायला कोणी पुरुष नाही का?" ताईंनी सांगितलं, "आहेत, पण ते आमच्याकडून शिकतायत."

मैत्रिणींनो, तुमच्या गटाला पुण्याला जमेल तेव्हा जमेल. तोवर एक काम करा. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला मध्ये बसवा आणि विचारा, ही विहीर कोणी खणली, या टेकडीचं नाव असं का, जुनी वाट कुठून जायची. एकीने लिहून घ्या. मग सगळ्या जणी एकदा त्या वाटेने चालून या, डोक्यावर काही न घेता.

आणि हो, त्या चहावाल्या ताई. मागच्या डिसेंबरमध्ये लेण्यांपुढे उभं राहून बारा जणांना त्या सांगत होत्या, "लोक म्हणतात पांडवांनी. मीही म्हणायचे. पण इथे नाव कोरलंय, ते बघा." या वेळी कोणीही मोबाईल काढला नाही.