इमारत निराळी, दप्तर निराळे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे एक लहानसा विषय घेऊन उभा आहे. विषय लहान असला, तरी त्यातून होणारी हानी लहान नसते, हे प्रथमच सांगून ठेवतो.

अकोले तालुक्यातील डोंगरपट्ट्यात एका द्विशिक्षकी शाळेस भेट देण्याचा प्रसंग आला. मुख्याध्यापक गुरुजी संगणकापुढे चिंतातुर होऊन बसले होते. ई-मेलसाठी ते 'थंडरबर्ड' वापरीत. या प्रोग्रामची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली निघाली आणि तो विनामूल्य मिळतो. तो नीट चालेना म्हणून गुरुजींनी काढून पुन्हा बसविला. तो माथ्यावरची फाइल, एडिट, व्ह्यू ही मेनूची पट्टीच दिसेना.

"साहेब, तीन वेळा काढला, तीन वेळा बसविला. आता आतले सारे पुसून नव्याने बसवावा म्हणतो," ते म्हणाले.

मी म्हणालो, "गुरुजी, जरा हात आवरा."

हात का आवरावयाचा? शाळेची इमारत निराळी आणि शाळेचे दप्तर निराळे. भिंती पाडून नव्या बांधल्या, तरी कपाटातील जनरल रजिस्टर तेच राहते. येथेही प्रोग्राम ही इमारत होय आणि 'प्रोफाइल' नावाचा फोल्डर हे दप्तर होय. खात्यांची माहिती, पत्ते, संगणकावर उतरलेली पत्रे, इतकेच नव्हे तर कोणती पट्टी दिसावी व कोणती झाकावी ही नोंदही त्यातच असते. प्रोग्राम काढला, तरी हा फोल्डर सामान्यतः जागच्या जागी राहतो. म्हणून दहा वेळा बसविला, तरी झाकलेली पट्टी झाकलेलीच राहते. फोल्डर कोरा असला, तरीही विंडोजवर ही पट्टी मुळातच झाकलेली असते.

उपाय अगदी सोपा आहे. कीबोर्डावरील 'आल्ट' कळ एकदा दाबून सोडावी. पट्टी तात्पुरती प्रकट होते. तीत 'व्ह्यू', त्यात 'टूलबार्स' आणि त्यात 'मेनू बार' यावर खूण करावी. मग ती कायम राहते. ते न साधल्यास वर उजवीकडील तीन आडव्या रेषांच्या चिन्हावर क्लिक करून याच क्रमाने जावे.

गुरुजींनी आल्ट दाबली आणि पट्टी आली! त्यांना हसू आले. मला मात्र धडकी भरली होती. त्यांचे खाते 'पॉप' पद्धतीचे होते. 'आयमॅप' पद्धतीत मूळ पत्रे सर्व्हरवर राहतात. पॉपमध्ये ती संगणकावर उतरतात आणि तशी योजना असल्यास सर्व्हरवरून पुसली जातात. गुरुजींच्या सर्व्हरवर काहीच उरले नव्हते. फोल्डर पुसला असता, तर शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या पोचाही त्याबरोबर गेल्या असत्या. आणि ते नुकसान गुरुजींचे नव्हे, मुलांचे झाले असते.

म्हणून माझी विनंती अशी की, प्रोग्रामला हात लावण्यापूर्वी दप्तराची नक्कल करावी. 'हेल्प' मधील 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडावे. तेथे 'प्रोफाइल फोल्डर' समोर 'ओपन फोल्डर' हे बटण आहे. त्यातून जागा पाहून घ्यावी, थंडरबर्ड बंद करावा आणि तो संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. त्यात पत्रे असतात, साठविलेले पासवर्डही असतात; म्हणून तो पेन ड्राइव्ह कुलपात ठेवावा.

वर्गात एखादे मूल उत्तर देत नाही, तेव्हा त्याला काहीच येत नाही असे आपण म्हणत नाही. प्रश्न फिरवून विचारतो. यंत्रापुढेही तोच धीर ठेवावा. जे दिसत नाही ते गेलेच असे समजू नये. आणि पुसण्याचा उपाय सर्वांत शेवटी करावा.

इतके बोलून मी आपली रजा घेतो.