राजा आणि प्रधान : जोडीच्या पानांचें मोल



पांचगणीचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें सांगावयास नको कीं, एकदां मृगाच्या सरी सुरू झाल्या म्हणजे टेबललँडचें पठार धुक्यांत बुडून जातें आणि तेथील शाळांच्या वसतिगृहांतील मुलांना मैदान पारखें होतें. अशा दिवसांत पत्त्यांसारखा सोबती नाहीं. आजकालच्या मुलांचे पत्ते मात्र आपल्या ओळखीचे बदाम-इस्पिक नव्हेत. त्यांवर अमेरिकन चित्रकथांतील अचाट पराक्रमी वीर असतात, खालीं त्यांच्या बळाचा आकडा छापलेला असतो, आणि हीं पानें मुलें आपसांत अदलाबदलीनें जमवितात. या वीरांना जोडीदारहि असतात. बॅटमन 1939 सालीं अवतरला आणि दुसऱ्याच वर्षीं रॉबिन त्याच्या पाठीशीं उभा राहिला. कॅप्टन अमेरिका 1941 सालीं आला तो बकीला बरोबर घेऊनच. साहजिकच पत्त्यांतहि अशीं पानें निघालीं कीं, एक हातीं आलें तर सामान्य, पण दुसऱ्यासह आलें तर भारी. मग अदलाबदल करतांना प्रश्न पडतो : अशा अर्ध्या जोडीचें मोल काय धरावें?

मुलें छापील आकड्याकडे बोट दाखवितात. माझ्या मतें तो आकडा या बाबतींत फारसा उपयोगाचा नाहीं. आणि असें कां, हें समजून घेण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. पांचगणीचा घाट उतरून वाई, सातारा, कोल्हापूर करीत आंबोलीच्या घाटानें खालीं गेलें म्हणजे सावंतवाडी लागते. तेथील गंजिफेंत हाच प्रश्न कैक पिढ्यांपूर्वीं सोडविलेला आहे.

गंजिफा मूळची आपली नव्हे. बाबरानें 1527 सालीं सिंधच्या शाह हसनकडे ती धाडल्याचें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे, आणि अकबराच्या वेळच्या पानांची जंत्री अबुल फजलनें ऐन-ए-अकबरींत दिली आहे. पुढें आपल्याकडे या खेळानें दशावतारांचा वेष धारण केला. दशावतारी गंजिफेंत 120 वाटोळीं पानें असतात. दहा अवतार म्हणजे दहा रंग. प्रत्येक रंगांत एकापासून दहापर्यंत अंकांचीं दहा पानें, आणि त्यांच्यावर दोन चित्रांचीं : एक राजा व एक प्रधान. मत्स्याचा राजा, मत्स्याचा प्रधान, असें थेट कल्कीपर्यंत. पुष्कळ संचांत राजा आसनावर विराजमान असतो आणि प्रधान घोड्यावर स्वार असतो. नवख्याला चकविणारी गंमत अंकांत आहे. पांच अवतारांत दहाचें पान प्रधानाच्या खालोखाल आणि एक सर्वांत हलकें. उरलेल्या पांचांत नेमकें उलट, एक प्रधानाच्या पाठोपाठ आणि दहा अगदीं तळाशीं. या उलथापालथींत राजा-प्रधानांचें स्थान मात्र ढळत नाहीं. शिवाय येथें हुकुमाचा रंग नाहीं. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाच्या वरच्या पानानें हात व्हावयाचा.

आतां जोडीचा हिशेब पाहूं. तिघे खेळाडू, प्रत्येकीं 40 पानें. आपल्या हातीं वामनाचा राजा आला आहे. वामनाचा प्रधानहि आपल्याकडेच असण्याचा संभव किती? उरलेल्या 119 पानांपैकीं 39 आपलीं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून किंचित् कमी. दहाहि अवतारांचा असा हिशेब मांडला तर प्रत्येक खेळाडूच्या वांट्यास सरासरीनें जुळलेली जोडी एकच येते. बाकीचे राजे आणि प्रधान एकमेकांपासून ताटातूट होऊन बसलेले असतात, आणि खेळाचें सारें मर्म या ताटातुटींत आहे.

जोडी जुळलेली असेल तर विचार करण्यासारखें थोडेंच उरतें : दोन हात निश्चित झाले. केवळ राजा असेल तर एक हात निश्चित; पण तो उतरवितांना आपण प्रतिपक्षाच्या प्रधानाला राज्याभिषेक करीत असतों, हें लक्षांत ठेवावें लागतें. राजा गेल्यावर त्या रंगांत प्रधानाच्या वर कोणी नाहीं. आणि केवळ प्रधान असेल तर? नवखा त्याला दुय्यम समजून वाटेल तेथें टाकून देतो. मुरलेला खेळाडू त्याला जिवापाड जपतो. ज्या प्रकारांत रंगाला रंग देण्याची सक्ती नसते त्यांत हें जपणें सोपें असतें. समोरून राजा उतरला तर भलत्याच अवताराचें एखादें हलकें पान खालीं टाकावें आणि प्रधान झांकून ठेवावा. हातीं उतारी असेल तर त्याच रंगाचें हलकें पान पुढें करून राजाला बाहेर ओढावें. एकच पान, चित्र तेंच, पण जोडीदार कोठें आहे यावर त्याचें मोल शून्यापासून एका पक्क्या हातापर्यंत हेलकावत राहतें.

काळ-वेळाचाहि येथें संबंध आहे. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानें आरंभ करावयाचा. रात्रीं हा मान कृष्णाच्या राजाचा. अर्थात् दिवसाच्या डावांत रामाचा प्रधान पहिल्याच हाताला मोकळा होतो, आणि तोच प्रधान रात्रीं आपल्या राजाची वाट पाहत तिष्ठत बसतो. पानाच्या कोपऱ्यांत आकडा छापून हें कसें सांगतां येईल?

हीच कसोटी नव्या पत्त्यांस लावून पाहावी. रिचर्ड गारफील्डचा ‘मॅजिक’ हा खेळ 1993 सालीं निघाला आणि त्यामागून 1995 सालीं ‘ओव्हरपॉवर’ या नांवानें मार्व्हलचे वीरहि पत्त्यांत उतरले. ‘मॅजिक’च्या रिवाजाप्रमाणें 60 पानांचा संच, एका पानाच्या फार तर चार प्रती, आणि आरंभीं हातीं सात पानें, असें धरूं. एक विशिष्ट वीर पहिल्या हातांत येण्याचा संभव शंभरांत सुमारें 40. तो आणि त्याचा जोडीदार, दोघेहि येण्याचा संभव शंभरांत जेमतेम 15. सात डावांत एकदां म्हणा. पुढें पानें ओढतां ओढतां हा संभव वाढतो हें खरें, पण तोंवर डाव चालूच असतो. म्हणून जोडीच्या पानाकडे पाहतांना मुलांनीं प्रथम हें विचारावें कीं, जोडीदार न आलेल्या त्या बाकीच्या सहा डावांत हें एकटें काय करतें? एकटें असतांना जें अगदींच निकामी, तें कितीहि चकचकीत असलें तरी त्यासाठीं पांच चांगलीं पानें देऊं नयेत. उलट दुसरें अर्ध ज्याच्याकडे आहे, त्यानें थोडें अधिक दिलें तर तो फसला असें मी म्हणणार नाहीं. त्याच्यापाशीं त्या पानाचें मोल खरोखरच अधिक आहे.

चकचकाटाची भूल मोठ्यांनाहि पडते. सावंतवाडीची ही कला विझण्याच्या बेतांत असतां शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, आणि 1970 नंतरच्या दशकांत राजवाड्यांतच तिचें काम पुन्हा उभें राहिलें. तेथील हातानें रंगविलेलीं, लाखेची चकाकी असलेलीं पानें आज पर्यटक हौसेनें घेतात. पण बहुतेक दिवाणखान्यांत मांडण्यासाठीं. राजांचीं चित्रें भिंतीवर शोभतात, अंकांच्या पानांकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं, आणि डाव कसा मांडावयाचा हें सांगणारें माणूस घरांत नसतें. संचांतील 120 पैकीं 100 पानें अंकांचीं आहेत. त्यांच्यावांचून राजाला जिंकण्यास कांहीं नाहीं आणि प्रधानाला त्याला बाहेर ओढण्यास साधन नाहीं.

रंगविलेला संच महाग पडतो हें मान्य. पण खेळ शिकण्यास त्याची गरज नाहीं. जाड पुठ्ठ्याच्या 120 चकत्या कापाव्या, दहा अवतारांना दहा खुणा ठरवाव्या : मत्स्याला मासा, कूर्माला कांसव, परशुरामाला परशु. वाटोळीं पानें पिसतां येत नाहींत, म्हणून तीं कापडावर पसरून कालवावीं. पांचगणीच्या एका पावसाळी रविवारीं एवढें काम मुलें आनंदानें करतील.

आपण हें भाषण दिवेलागणीनंतर ऐकत आहां. तेव्हां कोणी आज रात्रींच डाव मांडला तर आरंभ कृष्णाच्या राजानें व्हावयाचा, आणि कृष्णाचा प्रधान ज्याच्या हातीं असेल त्यानें त्या पहिल्या हातावर दुसरें कोणतेंहि पान टाकावें, तो मात्र टाकूं नये.