दुचाकीचा अपघात आणि कुटुंबाचा जमाखर्च

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. शस्त्रक्रियेविषयी बोलण्याचा अधिकार आपल्या डॉक्टरांचा. माझे काम व्यवस्थेचे आणि जमाखर्चाचे. परंतु अपघातग्रस्ताला आत नेल्यानंतर त्याचे वडील, भाऊ किंवा पत्नी ज्या खिडकीसमोर येऊन उभे राहतात, ती खिडकी माझ्या विभागाची आहे. तेथून दुचाकीच्या अपघाताची जी बाजू दिसते, ती आपणांसमोर मांडण्याची अनुमती असावी.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. चालवणाऱ्याने हेल्मेट घातले म्हणजे पुरे, हा आपल्याकडील समज किती घातक आहे, हे या शेवटच्या आकड्यावरून ध्यानात यावे.

आपल्या सोलापुरात ही जोखीम अधिक जाणवते. पुणे-हैदराबाद आणि धुळ्याकडून विजयपूरकडे जाणारा, असे दोन महामार्ग येथे एकत्र येतात. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट या तीर्थक्षेत्रांची वर्दळ बारमाही असते. यंत्रमाग व औद्योगिक वसाहतींतील कामगार पाळी संपवून रात्री-अपरात्री दुचाकीवरून घरी परततात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की मागे दिवा किंवा परावर्तक नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. या रस्त्यावर मोटारीतील माणसाभोवती निदान पत्र्याचे कवच असते, दुचाकीस्वाराला तेवढाही आधार नाही.

डोके आपटते तेव्हा कवटी थांबते, परंतु आतील मेंदू गतीमुळे पुढे जातो आणि कवटीवर आदळतो. हेल्मेटमधील थर्माकोलसारखा थर दबला जाऊन तो आघात स्वतःवर घेतो. पट्टा हनुवटीखाली बांधला नसेल तर हेल्मेट आधीच निघून जाते आणि त्याचा काहीही उपयोग होत नाही. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावरील उपचारांत सहभागी असलेले शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटची उपयुक्तता मांडली. जगभरच्या संशोधनाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. तरीही २०१९ च्या प्रारंभी पुण्यात हेल्मेटसक्ती होताच तिच्याविरुद्ध आंदोलने झाली. उकाडा होतो, केस विस्कटतात, जवळच तर जायचे आहे, ही कारणे सोलापूरच्या उन्हाळ्यात मलाही परिचित आहेत. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाकडून मात्र ती कधी ऐकू येत नाहीत.

आता माझ्या विषयाकडे वळतो. अपघातापूर्वीचा खर्च ठरलेला असतो: आयएसआय चिन्हाचे दोन हेल्मेट आणि विम्याचा हप्ता. अपघातानंतरच्या खर्चाला अंदाजपत्रक नसते. घरातील कमावता माणूस खाटेवर आणि त्याच्या शुश्रूषेसाठी दुसऱ्याचीही मजुरी बुडालेली, अशी दुहेरी तूट येते. शेवटी दागिना किंवा जमिनीचा तुकडा निघतो.

विम्याविषयी मोठा गैरसमज आढळतो. सक्तीचा त्रयस्थ पक्ष विमा हा आपल्या गाडीमुळे दुसऱ्यास झालेल्या हानीसाठी असतो. स्वतःची गाडी घसरून पडलेल्या मालक-चालकास त्यातून भरपाई मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळा व्यक्तिगत अपघात विमा असतो. २०१८ मध्ये त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये ठरली. तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असून त्यासाठी वैध परवाना लागतो. नव्या गाडीचा त्रयस्थ विमा पाच वर्षांचा असला, तरी हा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो आणि त्याचे नूतनीकरण राहून जाते. आज घरी गेल्यावर कृपया तेवढा कागद पाहावा.

रस्त्यावर कोणी जखमी दिसल्यास पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुढे जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. जखमीस पाणी पाजू नका, मान हलू देऊ नका. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार मिळू शकतात.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून योजना लागू आहे. तीनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाचे प्राथमिक उपचार कागदपत्रांसाठी वा अनामत रकमेसाठी थांबवता येत नाहीत. नातेवाइकांनी शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला मागाहून सादर करावा. संकोच करू नये. मात्र हा निधी मर्यादित आहे. टाळता आली असती अशा एका दुखापतीवर तो खर्ची पडला, की प्रसूतीसाठी किंवा हृदयविकारासाठी आलेल्या दुसऱ्या गरीब रुग्णाच्या वाट्याला तेवढा कमी येतो.

म्हणून देणगीदार उद्योजक बांधवांना एक विनंती करतो. दिवाळीला आपण कामगारांना भेटवस्तू देता. येत्या दिवाळीस प्रत्येक दुचाकीस्वार कामगारास दोन हेल्मेट द्यावेत, एक त्याच्यासाठी आणि एक मागे बसणाऱ्या गृहलक्ष्मीसाठी. रुग्णालयाला दिलेल्या देणगीइतकेच या दानाचे मोल आम्ही मानू. आपल्या देणगीतून घेतलेली यंत्रसामग्री सदैव सज्ज राहील. ती वापरण्याचे प्रसंग कमी यावेत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.