दर पाहा, पण आधी वर्षे मोजा



समजा, एका ठेवीवर 10 टक्के सरळ व्याज आहे. दुसरीवर 8 टक्के चक्रवाढ व्याज आहे आणि ते दरवर्षी मुद्दलात जमा होते. तुमच्याजवळ 10,000 रुपये आहेत. कुठे ठेवाल? ‘जिथे दहा टक्के, तिथे’ असे चटकन तोंडात येते. पण पैसे किती वर्षे लागणार नाहीत, हे आधी सांगा.

मुलांच्या आलेखवहीचा एक कागद घ्या. आडव्या रेषेवर वर्षे मांडा, उभ्या रेषेवर रुपये. सरळ व्याजात दरवर्षी 1,000 रुपयेच वाढतात, म्हणून ठिपके जोडले की सरळ रेषा मिळते. चक्रवाढीत पहिल्या वर्षी 800, दुसऱ्या वर्षी 864, तिसऱ्या वर्षी 933 रुपये वाढतात, कारण व्याजावरही व्याज मिळते. ही रेषा वर वळत जाते.

आता दोन्हींची तुलना करा. 5 वर्षांनी सरळ व्याजाने 15,000 रुपये होतात, चक्रवाढीने 14,693. 6 वर्षांनी 16,000 आणि 15,869. 7 वर्षांनी मात्र 17,000 आणि 17,138! म्हणजे 6 आणि 7 यांच्या मध्ये रेषा एकमेकींना छेदतात. पुढे अंतर वाढतच जाते. 20 वर्षांनी एकीकडे 30,000, तर दुसरीकडे 46,610 रुपये.

चार वर्षांनी मुलीची फी भरायची असेल, तर इथे सरळ व्याज बरे. पंधरा वर्षांनंतरच्या म्हातारपणासाठी चक्रवाढ बरी. दर बदलले की छेदाची जागाही बदलते, म्हणून प्रत्येक वेळी हिशेब नव्याने मांडा.

एक गोष्ट विसरू नका. व्याज आत राहिले तरच ही रेषा वर वळते. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत व्याज दरमहा मिळते, आणि ते उचलले नाही तरी त्यावर जादा व्याज मिळत नाही. राष्ट्रीय बचत पत्रात व्याज दरवर्षी मुद्दलात मिसळते आणि 5 वर्षांनी सगळी रक्कम एकदम हाती येते. घरखर्चाला दरमहा पैसे हवेत, त्यांना पहिली सोयीची. साठवायचे आहे, त्यांना दुसरी.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी खिडकीवर तीन प्रश्न विचारा. व्याज सरळ की चक्रवाढ? ते किती महिन्यांनी मुद्दलात जमा होते? आणि मुदतीअखेर माझ्या हाती नेमके किती रुपये येतील? उत्तरे लिहून घ्या, कागदावर ठिपके मांडा आणि मगच सही करा.