नीरेचे पाणी आणि त्याची वाटणी
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



सोयरीक जुळविताना जमीन बागाईत की जिराईत, हा प्रश्न आपण अगोदर विचारतो. एकाच समाजात, एकाच नदीच्या खोऱ्यात हा भेद कसा उत्पन्न झाला, त्याचा थोडक्यात विचार करण्याचे मी योजिले आहे.

नीरा भोरच्या डोंगरात उगम पावते आणि नरसिंगपूर येथे भीमेस मिळते. घाटमाथ्यावर शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठ-सत्तर मैल पूर्वेस, बारामतीकडे, तो जेमतेम वीस इंच असतो. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने या प्रदेशाची दैना केली. त्यानंतर 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि त्यास पाणी पुरविण्यासाठी वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण झाले.

कालव्याचा हेतू ज्वारी-बाजरी वाचविण्याचा होता. तथापि पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेईना, आणि पाणीपट्टी वसूल होईना. पुढे ऊस आला. त्यास बारमाही पाणी लागे आणि पैसाही चांगला मिळे. पाण्यास शिस्त लागावी म्हणून अभियंते विश्वेश्वरय्या यांनी ठरावीक पट्ट्यांत, पिकांची फेरपालट करून पाणी देण्याची पद्धत पुरस्कारिली. 1928 मध्ये भाटघरचे नवे, मोठे धरण पुरे झाले. उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे पाणी नेले. 1965 मध्ये वीर धरणाची भर पडली. साठा वाढत गेला, तसा ऊसही वाढत गेला. पाटाच्या शेपटाकडील आणि पाटाच्या वरच्या अंगाची शेते मात्र आकाशाकडेच पाहत राहिली.

पुरंदर तालुक्याचा बराचसा भाग असाच वर राहिलेला. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने तेथील नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला. त्याचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी द्यावयाचे. दर माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनासही हिस्सा असावा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊ नये. उसासारखे पीक घेऊ नये. खर्चाचा काही वाटा लाभधारकांनी स्वतः उचलावा.

मंडळी, धरणे सरकारने बांधिली. परंतु पाणी कोणाच्या वाट्यास यावे, हा प्रश्न दगडचुन्याने सुटत नाही. तो पंक्तीत वाढण्यासारखा आहे. पहिल्या पानावरच सारे वाढिले, तर शेवटचे पान रिकामे राहते, आणि यजमानाची लाज जाते.

आपल्यापैकी ज्यांची शेते पाटाखाली आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपण ऊस कमी करावा. पाळी संपताच दार बंद करावे. उपसा योजना निघेल तेथे माणशी वाटणीचा आग्रह धरावा. आपल्या वसतिगृहास आपण वर्गणी देतो, ती गरिबाच्या मुलाने शिकावे म्हणून. त्याच्या बापाच्या शेतात एक पाळी पाणी पोहोचले, तर त्या मुलास वर्गणीची गरजही उरणार नाही.