माळावरच्या पंगतीत चौथा पाहुणा

आज बोलूया आपल्या माळाविषयी. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, १९९७ साली चिंकारा हरणांसाठी राखलेलं. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. आपण त्याला पडीक रान म्हणतो, पण तिथं रोज पंगत बसते.

लांडगा ससा धरतो, चिंकारा धरतो, संधी मिळाली तर मेंढरूही उचलतो. खोकड अंगानं लहान. त्याला उंदीर, नाकतोडे, पिकलेली बोरंसुद्धा चालतात. तरस रात्री निघतं आणि मेलेल्या जनावराची हाडं फोडून खातं. प्रत्येकाचं ताट वेगळं, म्हणून एका माळावर तिघांचं भागतं. एका घरात तीन जावांचं जमतं, ते असंच की!

आता या पंगतीत कुत्रा शिरलाय. तो ससा मारतो, चिंकाराच्या पाडसामागं टोळीनं लागतो, मेलेलं जनावरही ओढतो. म्हणजे तिघांच्याही ताटात हात. शिकार कमी झाली की लांडग्याची पिल्लं जगत नाहीत, त्याची संख्या आपोआप घटते. कुत्र्याचं तसं होत नाही. माळावर काही मिळालं नाही तर तो गावाकडं वळतो, पोट भरतो आणि पुन्हा माळावर जातो. गावाकडं त्याला काय मिळतं? पोल्ट्रीमागं फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या, गाय-म्हैस व्याल्यावर ओढ्यात टाकलेली वार, उकिरड्यावरचं उष्टं. हे सगळं आपल्याच हातून जातं. माझ्या मते लांडग्याचा खरा वैरी हा फुकटचा खुराक आहे; कुत्र्याला दोष देऊन काय होणार?

त्यात रोगांची भर. पिसाळणं आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून लांडग्याला आणि खोकडाला लागतात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचंही तपासणीत दिसलंय. धनगराच्या वाड्यावर मेंढरू फाडलं गेलं की बोट लांडग्याकडं जातं, पण कित्येकदा ते काम मोकाट कुत्र्यांचं असतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. मेलेली कोंबडी आणि वार उघड्यावर टाकायची नाही. कमरेइतका खड्डा घ्या, त्यात चुना टाका, माती लोटा, वर दगड ठेवा, नाहीतर कुत्री रात्रीत उकरतात. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्या, रात्री मोकळं सोडू नका. आणि खड्डा विहिरीपासून, बोअरपासून लांब घ्या बरं का.